ब्रह्मकमळ आणि त्याची भावंडं: हिमालयातल्या सॉस्युरिया ओळखायच्या कशा

आपल्याकडे पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री कुणाच्या तरी गॅलरीत 'ब्रह्मकमळ' फुलतं आणि अख्खी सोसायटी ते बघायला जमते. फूल सुंदरच असतं, पण तो निवडुंग आहे. एपिफायलम ऑक्सिपेटलम त्याचं नाव, मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिका. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं, केदारनाथ-बद्रीनाथला वाहिलं जाणारं ब्रह्मकमळ वेगळं. ते सॉस्युरिया ओब्व्हॅलाटा, म्हणजे शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्या कुळातलं. त्याहून जवळचं नातं सांगायचं तर ते आपल्या शेतातल्या करडईच्या गोतावळ्यातलं आहे.

हे नातं मी मुद्दाम आधी सांगतोय. करडईचं बोंड ज्याने नीट पाहिलंय, त्याला सॉस्युरिया निम्म्या समजल्यासारख्या असतात. उरलेलं निम्मं मात्र चिकाटीचं काम आहे. सॉस्युरिया ही एक प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि तीत चारशेहून जास्त जाती आहेत. त्यांतल्या बऱ्याच एकमेकींसारख्या दिसतात, आणि डोंगरावर भेटणारे लोक फेनकमल, कस्तूरा कमल ही नावं दोन-तीन जातींना मिळून वापरतात. खाली दिलेली पद्धत मी उत्तराखंडातल्या हेमकुंडच्या वाटेवर आणि तिथल्या आसपासच्या बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, चुका करत करत बसवली आहे. महाराष्ट्रातून दरवर्षी इतके जण फुलांच्या घाटीत जातात, त्यांना ती उपयोगी पडावी.

निघताना पिशवीत काय हवं

दहापट मोठं दाखवणारं हातभिंग, पंधरा सेंटिमीटरची पट्टी, वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई फुटते. फोनमध्ये उंची दाखवणारं ॲप हवं, आणि ते नेटवर्कशिवाय चालतंय ना हे घरीच तपासून घ्या. पोस्टकार्डाएवढा एक काळा कागदही ठेवा. पांढऱ्या लोकरीची वनस्पती धुक्यात फोटोत विरघळून जाते, तिच्यामागे काळा कागद धरला की कडा, केस, दाते सगळं स्पष्ट येतं. गुडघ्याखाली घालायला प्लास्टिकचा तुकडा घ्या, कारण यातलं बरंचसं काम जमिनीला नाक लावून करायचं आहे.

कात्री आणि दाबून ठेवायचे कागद मात्र घरीच राहू देत. फुलांची घाटी १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे फूल तोडणं हा गुन्हा आहे. उद्यानाबाहेरही तोडू नये. या लेखातलं एकूण एक निरीक्षण झाड जागेवर ठेवून करता येतं.

काळ ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य. जुलैत कळ्याच जास्त दिसतात. सप्टेंबरच्या शेवटी फुलं सुकलेली असतात, पण बिया हाती लागतात, आणि ओळख पटवायला त्या फार कामाच्या.

पहिली पायरी: 'फूल' हा शब्द बाजूला ठेवा

या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला स्तबक म्हणतात. गुच्छाला खालून कवळणाऱ्या हिरव्या किंवा काळपट खवल्यांना छदं म्हणतात. सूर्यफुलात कडेच्या पिवळ्या 'पाकळ्या' म्हणजे प्रत्येकी एक स्वतंत्र पुष्पक, म्हणजे बारीक फूल, आणि मधल्या तबकडीतला प्रत्येक ठिपका हेही एक पुष्पक.

ब्रह्मकमळात हा हिशेब आणखी एक पायरी वर सरकतो, आणि सगळे फसतात ते इथेच. आपल्याला दिसणाऱ्या मोठ्या, फिकट पिवळसर, कागदासारख्या 'पाकळ्या' ही खोडाची वरची पानं असतात. ती बाजूने पाहा, नावेसारखी खोलगट दिसतील. त्यांच्या आत जांभळ्या रंगाची पाच-सहापासून पंधरापर्यंत स्तबकं दाटीने बसलेली असतात, आणि प्रत्येक स्तबकात कितीतरी पुष्पकं. म्हणजे आपण ज्याला एक कमळ म्हणतो ती गुच्छांची मोळी आहे, वर पानांचा कोट घातलेली.

म्हणून वहीत पहिला प्रश्न लिहायचा तो हा: स्तबक नेमकं कुठे आहे, आणि किती आहेत? याचं उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी: कडेला पाकळ्यांसारखी पुष्पकं आहेत का?

सॉस्युरियाच्या स्तबकात सगळी पुष्पकं नळीसारखी असतात, करडईसारखी. कडेला पट्टीसारखं पसरलेलं एकही पुष्पक नसतं. म्हणून ही चाचणी फार सोपी आहे आणि एका झटक्यात निम्मी गर्दी कमी करते.

अशा कडेच्या पट्टीसारख्या पुष्पकांना किरणं म्हणतात. त्याच कुरणात जांभळ्या किरणांच्या डेझी भरपूर भेटतील. किरणं अगदी बारीक, दोऱ्यासारखी आणि खूप असतील तर बहुधा एरिजेरॉन, त्यातही एरिजेरॉन मल्टिरेडिएटस घाटीत सर्रास. किरणं रुंद आणि मोजण्याजोगी असतील तर ॲस्टर. पिवळं, मान खाली घातलेलं एकच मोठं स्तबक दिसलं तर क्रेमँथोडियम. तीही सुरेख आहेत, त्यांचा फोटो घ्या, पण आजच्या कामातून बाजूला काढा.

तिसरी पायरी: कागद आणि लोकर पाहून घाई करू नका

किरणं नसलेल्या, पण सॉस्युरियाही नसलेल्या वनस्पती इथे आहेत. उंचावरची थंडी, वारा आणि कडक ऊन यांना उत्तर म्हणून अंगावर लोकर घेणं हा उपाय अनेक वनस्पतींनी आपापला शोधलाय. म्हणून नुसती लोकर ही ओळख ठरत नाही.

लिओंटोपोडियम, म्हणजे युरोपात एडेलवाइस म्हणून गाजलेल्या फुलाची हिमालयी भावंडं, यांत पांढऱ्या लोकरी पानांची सपाट चांदणी असते आणि तिच्या मधोमध पिवळसर बारीक स्तबकं. चांदणी उघडी, पसरलेली असते, स्तबकांना झाकत नाही. ॲनाफॅलिसमध्ये पांढरं दिसतं ते स्तबकाच्या छदांचं, कोरडं आणि चमकदार. बोटाने हलकेच दाबलं तर सुकलेल्या फुलासारखं करकरतं.

पानांना आणि छदांना टोचणारे काटे असतील तर ती सॉस्युरिया नाही, सिर्सियम किंवा त्याच्या जवळचं काटेझाड आहे. सॉस्युरिया करडईच्या गटातली असूनही अंगाने काटेरी नसते. आणि कुरणात जमिनीला चिकटलेलं मोठ्या पानांचं चक्र, त्याच्या मधोमध खोडाशिवाय बसलेली जांभळी स्तबकं दिसली तर ती बहुतेक 'धूप'. तिच्या सुगंधी मुळासाठी ती खणून नेली जाते. पुस्तकांत ती जुरिनिया या नावाने मिळेल, आता तिला डोलोमिया मॅक्रोसेफाला म्हणतात.

चौथी पायरी: भिंग लावून पिसं बघा

प्रजाती पक्की करायला मी सर्वात जास्त विश्वास ठेवतो तो बीच्या डोक्यावरच्या केसांवर. आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर छोटं कोरडं फळ, आणि वाऱ्यावर उडायला त्याच्या माथ्यावर केसांचा झुबका असतो. सॉस्युरियामध्ये हे केस बहुधा दोन ओळींत येतात. बाहेरची ओळ आखूड, खरखरीत, सहज गळणारी. आतली लांब, आणि तिचा प्रत्येक केस भिंगाखाली पिसासारखा दिसतो, मधल्या काडीला दोन्ही बाजूंनी बारीक तंतू फुटलेला. आतले सगळे केस तळाशी एका कड्यात जोडलेले असतात, त्यामुळे गळताना ते बहुतेक एकत्र गळतात.

यासाठी तोडायची गरज नाही. शेजारी एखादं सुकलेलं झाड असतंच, त्याच्याखाली दगडांत अडकलेली फळं मिळतात. एक उचला, काळ्या कागदावर ठेवा, भिंगातून बघा आणि परत तिथेच सोडून द्या. पहिल्यांदा ते पीस दिसलं तेव्हा मी धुक्यात पाऊण तास बसून राहिलो होतो. इतकी नाजूक गोष्ट साडेचार हजार मीटरवरच्या वाऱ्याला पुरून उरते, हे पचायला वेळ लागतो.

ताजं फूल असेल तर आणखी एक खूण मिळते. पुष्पकातून वर आलेल्या बारीक काडीवर, जिथे ती दोन फाट्यांत विभागते त्याच्या थोडं खाली, केसांचं कडं किंवा फुगवटा दिसतो. करडईच्या सगळ्या गटाची ही खूण आहे. घरी निघण्याआधी करडईच्या फुलावर ती शोधून बघा, मग डोंगरावर लगेच सापडेल.

पाचवी पायरी: कोट कशाचा आहे?

इथून पुढे जातींकडे जायचं. तीन कप्पे करा.

पहिला कप्पा, कागदी कोट. उत्तराखंडात हा कोट दिसला की ब्रह्मकमळाचंच नाव मनात येतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. ते साधारण ३७०० ते ४६०० मीटरवर भेटतं, उंची १५ ते ६० सेंटिमीटर. हेमकुंडच्या चढाआधीचं मुक्कामाचं गाव घांघरिया सुमारे ३०५० मीटरवर आणि हेमकुंड सुमारे ४३०० वर, त्यामुळे सहा किलोमीटरच्या त्या चढाच्या वरच्या भागात, खडकांच्या आडोशाला ते दिसू लागतं. फुलांच्या घाटीच्या तळाशी मात्र शोधत बसू नका. इतर खुणा: पानं लांबट, कडेला बारीक दाते, अंगावर चिकट ग्रंथी असलेले केस, छदांना काळपट कडा, आणि बुंध्याशी गेल्या वर्षांच्या पानदेठांचे तपकिरी अवशेष. वास उग्र असतो, जवळ गेलं की कळतो.

या कोटाचं काम उन्हात कळतं. अर्धपारदर्शक पानांतून ऊन आत जातं, आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार राहते आणि पाऊस परागांपर्यंत पोचत नाही. आपल्याकडची पॉलिहाऊसं हेच करतात.

मी इथे केलेली चूक सांगतो. पहिल्या फेरीत मी एकाच जातीची तीन नावं वहीत लिहिली होती. कळीच्या अवस्थेत कोट घट्ट मिटलेला, हिरवट, कोबीच्या छोट्या गड्ड्यासारखा. ऐन भरात तो फिकट आणि उघडा. आणि हंगाम सरताना कोट तपकिरी होऊन फाटलेला, आतली जांभळी स्तबकं उघडी पडलेली, म्हणजे थेट 'कोट नसलेल्या' कप्प्यातली वाटणारी. त्यामुळे कोट नाही असं लिहिण्यापूर्वी खोडाच्या वरच्या टोकाशी फाटक्या कागदासारखे तुकडे उरलेत का, ते बघायचंच.

दुसरा कप्पा, लोकरीचा कोट. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

सॉस्युरिया गॉसिपिफोरा म्हणजे मोरेनवर (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगावर) आणि सैल दगडांच्या उतारावर बसलेला पांढरा लोकरी गोळा किंवा शंकू. खोड पोकळ, वर जाड होत जाणारं. पानं अरुंद, दातेरी, पण लोकरीत बुडालेली. स्तबकं लोकरीत जवळजवळ पूर्ण लपलेली आणि माथ्यावर एक छिद्र, त्यातून भुंगे आत शिरतात. सॉस्युरिया सिम्पसोनियाना तिच्या अगदी जवळची, जुन्या पुस्तकांत सॉस्युरिया साक्रा या नावाने येणारी. या दोघींमधला निवाडा एका फोटोवरून कुणी दिला तर तो स्वीकारू नका. तुमचं काम चार गोष्टी टिपण्याचं: लोकर न उसवता वरून जांभळी पुष्पकं दिसतात का, लोकरीचा रंग कोणता, पानाची कड कशी, आणि संपूर्ण झाडाचा बाजूने दिसणारा आकार.

लोकर बोटांनी उसवू नका. तीच तिची ऊब आणि तोच तिचा रेनकोट आहे. शिवाय या लोकरी गटातल्या अनेक जाती वर्षानुवर्षं नुसत्या पानांवर काढतात आणि आयुष्यात एकदाच फुलून मरतात. तिचा तो एकच हंगाम आपल्या उत्सुकतेपायी वाया जाऊ नये.

सॉस्युरिया ग्रॅमिनिफोलिया ओळखायला सोपी. पानं गवतासारखी अरुंद, कडा खाली वळलेल्या, खालची बाजू पांढरी लोकरी. मुख्य म्हणजे स्तबक एकच, गोल, रेशमी केसांनी भरलेलं. 'स्तबकं किती' हा पहिल्या पायरीतला प्रश्न इथे फळाला येतो.

लडाख-स्पितीकडच्या कोरड्या, सैल दगडांच्या उतारांवर गेलात तर सॉस्युरिया नॅफॅलोडिस भेटेल. जेमतेम काही सेंटिमीटर उंच, जमिनीला बिलगून चटईसारखी पसरलेली, चमच्यासारखी पानं आणि त्यांच्या टोकाला थोडेसेच दाते, वर स्तबकांचा अर्धगोल झुबका. जगात सर्वात उंचावर वाढणाऱ्या सपुष्प वनस्पतींत तिची गणना होते. सिक्कीमकडे पानाच्या टोकाला तीन बोटं असलेली ट्रायडॅक्टिला शोधा.

तिसरा कप्पा, कोटच नाही. यात जाती पुष्कळ आणि नवशिक्याने लगेच हात घालू नये. एकच सांगतो, कारण तिचं आपल्या घराशी नातं आहे: आयुर्वेदिक दुकानात 'कोष्ठ' किंवा 'उपलेट' म्हणून मिळणारं मूळ. पुरुषभर वाढणारी वनस्पती, बुंध्याशी प्रचंड त्रिकोणी पानं, देठाला पंखासारखी झालर, काळपट जांभळी टणक स्तबकं. मुळांसाठी इतकी खणली गेली की आज ती अतिसंकटग्रस्त आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस करारात सर्वात कडक बंधनाच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. लाहौलमध्ये तिची शेती होते. तिचं नाव लाप्पा होतं, मग कॉस्टस झालं, आणि आता तर तिला सॉस्युरियातून काढून डोलोमियात नेलंय. जुनं पुस्तक आणि नवं संकेतस्थळ यांत नावं जुळली नाहीत तर घाबरू नका, आधी ती दोन नावं एकाच वनस्पतीची आहेत का ते तपासा.

सहावी पायरी: एका झाडावर निर्णय देऊ नका

माझ्या मते ही पायरी सर्वात महत्त्वाची आणि नेमकी हीच सगळे गाळतात. एकच जात आडोशाला हातभर वाढते आणि दोनशे मीटर वर, उघड्या धारेवर वीतभरच राहते. सावलीत पान रुंद, उन्हात अरुंद. म्हणून एका जागी निदान दहा झाडं बघा आणि प्रत्येकाची उंची, स्तबकांची संख्या, सर्वात खालच्या पानाची लांबी-रुंदी लिहा.

मग आकड्यांकडे बघा. लहानापासून मोठ्यापर्यंत सलग उतरंड दिसली तर बहुधा एकच जात आहे, परिस्थितीने बदललेली. मधल्या मापाचं एकही झाड नसेल, दोन स्वच्छ गट पडत असतील आणि दोन्ही गट एकाच उतारावर शेजारी शेजारी उभे असतील, तर दोन जाती असण्याची शक्यता बळावते. फक्त एकच खूण बदलत असेल तर थांबा. दोन-तीन खुणा एकत्र बदलत असतील, जसं अरुंद पान आणि एकच स्तबक, तर पुढे जा.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा. कोटावरून पाडलेले कप्पे शोधायला सोयीचे आहेत, नातं सांगणारे नव्हेत. पूर्वी कागदी कोटवाल्यांचा एक उपगट आणि लोकरीवाल्यांचा दुसरा, अशी मांडणी शास्त्रातही होती. डीएनएच्या अभ्यासांनी ती मोडीत काढली. असे कोट या प्रजातीत वेगवेगळ्या शाखांनी स्वतंत्रपणे घेतले आहेत. त्यामुळे दोन लोकरी गोळे एकमेकांचे सख्खे असतीलच असं नाही.

सातवी पायरी: फोटो आणि नोंद

फोटो पाच हवेत: संपूर्ण झाड बाजूने, पट्टीसह; वरून, कोटाच्या आत डोकावून; छदं जवळून; खालचं पान, पुढून आणि मागून एकाच चौकटीत; आणि झाड उभं आहे तो उतार. शेवटचा फोटो लोक घेत नाहीत, पण दगडांचा सैल उतार आहे की ओलं कुरण, यावर तज्ज्ञ बरंच काही ठरवतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना पाचही एकाच नोंदीत टाका. लोकरी जातींची नेमकी जागा मात्र उघड ठेवू नका. ठिकाण झाकायची सोय तिथे आहे, ती वापरा, कारण उपटून नेणारेही नकाशे वाचतात.

नाव लिहिताना खात्री जिथवर आहे तिथेच थांबा. 'सॉस्युरिया, लोकरी गट' ही पूर्ण आणि उपयोगी नोंद आहे. चुकीचं पण भारदस्त जातीनाव त्या नोंदीची किंमत घालवतं.

नोंद कशी असावी, याचा नमुना माझ्या वहीतून देतो:

'२३ ऑगस्ट, सकाळी ९.४०. हेमकुंडची वाट, उंची ४१८० मी. उत्तरेकडचा उतार, मोठे दगड, खाली ओली माती. दहा झाडं पाहिली. उंची २२ ते ४१ सेंमी, सलग. कागदी कोट, फिकट पिवळा. दोन झाडांचा अजून मिटलेला, हिरवा. उघड्या कोटांत स्तबकं ७, ९, ६, ११. किरणं नाहीत. छदांच्या कडा काळ्या. पान लांबट, बारीक दाते, चिकट. बुंध्याशी जुने देठ. बी मिळाली नाही. सॉस्युरिया ओब्व्हॅलाटा, खात्रीने. वर तीस मीटरवर एक लोकरी गोळा दिसला, दगड सैल असल्याने जवळ गेलो नाही. नाव लिहीत नाही.'